वर्षारंभीचे घरकाम, परसबाग व सहल

जानेवारी महिना उजाडला की शाळेच्या भिंतीवरील दिनदर्शिका बदलते. परंतु खेड्यातील घरात वर्ष बदललेले नसते. तेथे वर्ष पाडव्याला लागते आणि कामाचा हिशेब मृगापासून धरला जातो. असे असले तरी घर, परस आणि शिवार हे तिन्ही एकाच वेळी गजबजलेले असतात असे जे थोडे महिने आहेत, त्यांत या महिन्याची गणना करावी लागेल. रब्बीची ज्वारी दाण्यात आलेली असते, हरभरा घाट्यांनी लगडलेला असतो, तुरीची कापणी चालू असते, कापसाची शेवटची वेचणी उरकावयाची असते, गुऱ्हाळे पेटलेली असतात आणि घरोघर संक्रांतीची तयारी चालते. नेमक्या याच महिन्यात शाळेचा हजेरीपट विरळ होऊ लागतो.

या दोन गोष्टींचा संबंध शिक्षकांना ठाऊक असतो. पालकांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही, मुलांना कामाला जुंपले जाते, अशी तक्रार केंद्रसंमेलनात दरवर्षी ऐकावयास मिळते. ती अगदीच खोटी नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे, आणि शाळेच्या वेळी मूल शाळेतच असले पाहिजे याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु तक्रारीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ज्या मुलाने सकाळी गुऱ्हाळावर पाक उतरताना पाहिला, ज्या मुलीने आईबरोबर तीळ पाखडले, त्यांना त्या अनुभवाविषयी शाळेत कोणी एक शब्दही विचारीत नाही. फळ्यावर मात्र त्याच दिवशी ‘पदार्थाच्या अवस्था’ हा पाठ चालू असतो. घरी पाहिलेले शाळेच्या दारात काढून ठेवावयाचे आणि शाळेत शिकलेले घरी जाताना विसरावयाचे, ही सवय मुलाला एकदा लागली की पुढे ती मोडणे अवघड जाते. या महिन्यातील घरकाम, हस्तकाम, परसबाग व सहल यांचा विचार या दृष्टीने करावयाचा आहे. वेगळे वेळापत्रक त्यासाठी लागत नाही. भाषा, गणित व परिसर अभ्यास यांच्याच तासिका पुरतात.

आरंभ घरापासून करावा. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिन. सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे १८३१ साली त्यांचा जन्म झाला, आणि महाराष्ट्रात हा दिवस बालिका दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक शाळांत प्रतिमापूजन होते, दोनतीन भाषणे होतात आणि मुलींना एखादी वेशभूषा करावयास लावून कार्यक्रम संपतो. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, इयत्ता तिसरीपासून पुढच्या मुलांना ‘आमच्या घरातील एक दिवस’ अशी नोंद करावयास सांगावी. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत घरात कोणकोणती कामे झाली, ती कोणी केली, प्रत्येकास अदमासे किती वेळ लागला, एवढेच लिहावयाचे. पाणी, सरपण, स्वयंपाक, भांडी, गुरांचे शेणपाणी, धाकट्या भावंडाला सांभाळणे, आजारी माणसाची शुश्रूषा, सारे त्यात यावे. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या वेळांची बेरीज करावी आणि बायकांची व पुरुषांची, मुलींची व मुलांची अशी वेगवेगळी करावी. उत्तर शिक्षकांनी आधी सांगू नये. ते फळ्यावर आपोआप उमटते. देशात २०१९ साली झालेल्या कालविनियोग सर्वेक्षणात बिनमोल घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्या कामातील वेळ दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुषांचा ९७ मिनिटे आढळला होता. वर्गाची बेरीज याच्या जवळपास येते की नाही हे मुलांनाच पाहू द्यावे. एखादा मुलगा पाणी भरीत असेल तर त्याचेही नाव फळ्यावर यावे. तो त्या दिवसापासून अधिक ताठ चालतो.

ही नोंद घेताना एक दक्षता अवश्य पाळावी. सर्व घरे एकसारखी नसतात. बीड, जालना, परभणी, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास लाखो मजूर ऊसतोडीसाठी बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ होतो. मुले त्यांच्याबरोबर फडावर जातात किंवा आजीआजोबांपाशी वा हंगामी वसतिगृहात राहतात. अशा मुलाला ‘आई काय करते?’ हा प्रश्न इतर मुलांसमक्ष विचारणे म्हणजे त्याची जखम उघडी करणे होय. त्याने आजीच्या दिवसाची नोंद करावी किंवा वसतिगृहातील दिवसाची करावी, आणि तीही तितक्याच मानाने वाचली जावी. घरातील भांडण, कर्ज, व्यसन यांविषयी कोणतीही नोंद मागू नये. मुलाने आपणहून लिहिली तर ती फळ्यावर येऊ देऊ नये.

संक्रांतीचा सण १४ किंवा १५ जानेवारीला येतो. आदल्या दिवशी भोगी असते. वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, शेंगदाणे, तीळ अशी त्या हंगामात शिवारात असेल ती भाजी एकत्र शिजते आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते. भोगीच्या भाजीत काय काय घातले याची यादी प्रत्येक घरून आणावयास सांगितली, तर एका गावातसुद्धा दहा प्रकारच्या याद्या येतात. त्यांतील कोणती वस्तू आपल्या रानातील, कोणती शेजाऱ्याकडून आलेली, कोणती आठवड्याच्या बाजारातील, अशी वर्गवारी केली की गावाचा पीकनकाशाच तयार होतो. बागायती गाव आणि जिरायती गाव यांतील फरक मुलांना पाठ्यपुस्तकातून जितका कळत नाही, तितका या यादीतून कळतो.

तीळगूळ शाळेत करावयाचा असेल तर तो पाकाविना करावा. उकळता पाक मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. स्वयंपाकी ताईंकडून तीळ मंद आचेवर भाजून घ्यावे, थंड झाल्यावर खलबत्त्यात किंवा उखळात कुटावे, किसलेला गूळ मिसळून पुन्हा कुटावे आणि मुलांनी लाडू वळावे. पाक नसताना लाडू बांधला कसा जातो, असा प्रश्न येथे विचारावा. तिळात निम्म्याच्या आसपास तेल असते. कुटल्यावर ते सुटते, गुळाला मऊ करते आणि सारे एकजीव होते. न कुटलेले तीळ घेऊन तोच लाडू वळून पाहण्यास सांगितले, म्हणजे मुलांना अधिक काही समजावून द्यावे लागत नाही. तिळाचे व गुळाचे वजन, झालेल्या लाडवांची संख्या, एका लाडवाचा खर्च हे गणित चौथीच्या मुलांना सहज जमते.

येथे हळदीकुंकवाविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. माता पालकांना शाळेत बोलावण्याचे निमित्त म्हणून कित्येक शाळांत या महिन्यात हळदीकुंकू ठेवले जाते. हेतू चांगला असतो. परंतु ज्या मुलाचे वडील वारले आहेत त्याची आई त्या दिवशी घरी राहते, किंवा आली तर मागच्या रांगेत बसते, आणि मूल हे सर्व पाहत असते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्यानंतर शासनानेही इतर ग्रामपंचायतींपुढे तो कित्ता ठेवला. शाळेने तर याबाबतीत गावाच्या मागे राहू नये. माता पालकांचा मेळावा भरवावा, सर्वांना तीळगूळ द्यावा, सर्वांना वाण म्हणून परसबागेतील बियांची पुडी द्यावी. कोणास काय लावावयाचे वा न लावावयाचे हा प्रश्नच उद्भवू देऊ नये.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने मोठा होतो, असे घरोघर सांगितले जाते. हे वाक्य शिक्षकांनी वर्गात जसेच्या तसे सांगून सोडून देऊ नये, कारण त्यात शिकविण्यासारखे पुष्कळ आहे. वस्तुतः सूर्याचे उत्तरेकडे सरकणे २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेले असते. संक्रांत सूर्याच्या मकर राशीतील प्रवेशावर धरली जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हा प्रवेश आणि उत्तरायण यांचा दिवस एकच होता. पृथ्वीचा आस भोवऱ्याप्रमाणे अत्यंत सावकाश फिरत असल्यामुळे, साधारण ७२ वर्षांना एक दिवस याप्रमाणे, दोहोंत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. हे स्पष्टीकरण वरच्या वर्गासाठी ठेवावे. खालच्या वर्गासाठी काठी पुरेशी आहे.

शाळेच्या मैदानात सपाट जागी एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा धरून उभी रोवावी आणि मध्यान्ही तिची सावली मोजावी. घड्याळात बारा वाजले म्हणजे मध्यान्ह झाली असे समजू नये. आपल्या देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरचे आहे. पुण्याच्या बाजूला जानेवारीत सूर्य माथ्याशी येण्यास साडेबारा ते पाऊण वाजतो, नागपूरकडे वीस मिनिटे आधी. म्हणून साडेबारापूर्वीपासून पाऊण वाजून जाईपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करीत जावे; जी खूण काठीस सर्वांत जवळ ती घ्यावी. पूर्व विदर्भातील शाळांनी हे काम बारा वाजताच सुरू करावे. पुण्याच्या अक्षांशावर ही सावली १ जानेवारीस सुमारे ८८ सेंटिमीटर, संक्रांतीस ८३ व महिनाअखेरीस ७२ भरते. पहिल्या पंधरवड्यात पाच सेंटिमीटर आणि दुसऱ्यात अकरा, हा फरक का पडला असे एखादा मुलगा विचारील. त्या मुलास नीट उत्तर द्यावे: झोपाळा टोकाला गेला की क्षणभर रेंगाळतो आणि मग वेग घेतो, तसे सूर्याचे हे सरकणे आहे.

आणखी एक शंका पहाटे उठणारी मुलेच काढतात. दिवस मोठा होत असेल तर सूर्य लवकर का उगवत नाही? ही शंका अगदी बरोबर आहे. आपल्याकडे जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय उलट थोडा थोडा उशिराच होत जातो; वाढ होते ती संध्याकाळच्या बाजूने. दिनदर्शिकेतील उदयास्ताच्या वेळा मुलांना शोधावयास सांगाव्यात व दोहोंची वजाबाकी करावयास लावावी. पुण्याकडे डिसेंबरअखेरीचा अकरा तासांचा दिवस जानेवारीअखेर वीस मिनिटांच्या आसपास वाढलेला आढळतो. एक हजार तीळ जेमतेम तीन ग्रॅम भरतात; म्हणीतली उपमा किती नेटकी आहे हे तेव्हा ध्यानात येते.

हस्तकामाच्या तासिकेत हल्ली रंगीत कागद, चमकी आणि गोंद यांचाच सुकाळ दिसतो. दुकानातून आणलेला कागद कापून दुकानात मिळणाऱ्या वस्तूसारखीच वस्तू करणे हे हस्तकाम खरे, पण फार तोकडे. या महिन्यासाठी दोर वळणे हे काम सुचवावेसे वाटते. अंबाडी किंवा घायपाताचा वाख मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास जुन्या लुगड्याच्या धांदोट्या चालतात. दोन पेड घ्यावे, दोन्हींना एकाच दिशेने पीळ द्यावा आणि मग दोन्ही एकमेकांवर उलट दिशेने वळावे. हात सोडला तरी दोर उलगडत नाही. का? प्रत्येक पेड आपला पीळ सोडावयास पाहतो, आणि त्याच्या त्या धडपडीनेच उलट दिशेचा पीळ घट्ट होतो. ही गोष्ट गावातील कोणताही म्हातारा शेतकरी बोटांनी जाणतो. शब्दांत सांगणे मात्र शिक्षकाचे काम. वळण्यापूर्वी पेडाची लांबी मोजावी, वळून झाल्यावर दोराची मोजावी. किती लांबी पिळात गेली? सैल पीळ आणि घट्ट पीळ यांत ती किती बदलली? मग जमिनीपासून वीतभर उंचीवर बादली टांगून तीत तांब्यातांब्याने पाणी ओतावे आणि एक पेड, दोन पेड व तीन पेड किती तांब्यांना तुटतात ते लिहावे. तयार झालेले दोर घरी न्यावेत. दावे, शिंके, रहाटाचा दोर असे काहीही घरात त्यापासून झाले, तर मुलाच्या शिक्षणाविषयी वडिलांचे मत बदलण्यास ते पुष्कळ उपयोगी पडते.

गावात कुंभार असेल तर संक्रांतीपूर्वीच्या आठवड्यात सुगडे घडविण्याचे काम जोरात चालते. चाकावर सुगड उचलले जाताना पाहणे ही मुलांना पर्वणीच असते. कुंभारास शाळेत पाचारण करावयाचे झाल्यास पाहुण्या शिक्षकाचा मान द्यावा, बसावयास खुर्ची द्यावी, आणि घेतलेल्या सुगडांचे पैसे द्यावेत. त्याच्या मुलाला ‘तू तर कुंभाराचा, तुला येतच असेल’ असे म्हणून पुढे करू नये. कामाची वाटणी जन्मावरून करण्याची खोड गावात आधीच पुष्कळ आहे. शाळेत सारवण व झाडलोट मुलींकडे, खोदकाम व पाणी शेंदणे मुलांकडे, अशी वाटणी न कळत होते. ती आठवड्याच्या फेरपालटीने मोडून काढावी. कोणत्या आठवड्यात कोणता गट काय करील याचा तक्ता भिंतीवर लावला म्हणजे तक्रारीस जागा राहत नाही.

परसबागेस हा महिना अनुकूल आहे, पण सरसकट सर्व पिकांना नव्हे. रात्री थंड असल्याने मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा यांची वाढ चांगली होते व कीड कमी असते. दोन मीटर लांब व एक मीटर रुंद असे सपाट वाफे करावेत; यापेक्षा रुंद केल्यास मधल्या रोपांपर्यंत लहान मुलांचा हात पोचत नाही आणि ती वाफ्यात पाय देतात. पहिल्या आठवड्यात पेरलेली मेथी तीनपाच दिवसांत उगवते व महिन्याभरात काढणीस येते. कोथिंबीर मात्र थंडीत आठदहा दिवस वाट पाहावयास लावते. धना हा एक दाणा दिसतो, पण त्यात दोन बिया असतात. तो हलक्या हाताने रगडून दोन डाळिंब्या करून व रात्रभर भिजवून पेरावा. एका ओळीत अख्खे कोरडे धने आणि शेजारच्या ओळीत रगडून भिजवलेले, असे मुद्दाम पेरून उगवणीचे दिवस व रोपांची संख्या मोजावयास लावावी. एका वाफ्यावर उसाची चिपाडे किंवा ज्वारीचा पाचोळा पसरून दुसरा उघडा ठेवावा, म्हणजे ओल कोठे अधिक टिकते ते बोट खुपसून कळते. काळ्या जमिनीत पाणी रोज देण्याची गरज नसते. हौशी मुले रोज पाणी ओततात आणि मुळे कुजतात.

प्रजासत्ताक दिनी पाहुण्यांना हिरवी बाग दिसावी म्हणून रोपवाटिकेतून कुंड्या आणून वाफ्यांच्या कडेने मांडण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. २६ तारखेस तीन आठवड्यांची मेथी वीतभरही नसते. ती तेवढीच असावी. मुलांना ती तेवढीच का हे सांगता येते, आणि कुंडीतील शेवंतीविषयी काही सांगता येत नाही.

महिनाअखेरीस थंडी उतरू लागली की भेंडी व गवार लावावी. लावणीपूर्वी उन्हाळी सुटीचा विचार अवश्य करावा. मे महिन्यात पाणी घालणारे कोणी नसते. म्हणून एप्रिलअखेर ज्याचा तोडा संपेल तेच घ्यावे. भेंडी दीडपावणेदोन महिन्यांत धरते, तेव्हा ती बसते. दुधी व भोपळ्याचे वेल मुलांनी घरच्या परसात लावावेत. शाळेतील भाजी पोषण आहारात गेली की तिचे वजन व त्या दिवशीचा बाजारभाव वहीत मांडावा. हात धुण्याचे पाणी चरातून अळू किंवा केळीकडे वळविले तर वाफ्यांसाठी वेगळे पाणी कमी लागते.

सहलीसाठी दूरच्या किल्ल्याची वा देवस्थानाची बस ठरविण्यापूर्वी गावच्या शिवेत काय आहे ते पाहावे. या महिन्यात गुऱ्हाळासारखे पाहण्याजोगे ठिकाण नाही. ऊस चरकात जातो, रस निघतो, चिपाड बाजूस पडते. तेच वाळवून चुलाणात जाळले जाते, म्हणजे ऊसच आपला रस आटवितो. शंभर किलो उसापासून सर्वसाधारणपणे दहाबारा किलो गूळ मिळतो. उरलेले वजन कोठे गेले, हा प्रश्न सहलीपूर्वीच वर्गात विचारून ठेवावा. तेथे गेल्यावर डोळ्यांना वाफ दिसते आणि चिपाडांचा ढीग दिसतो. काहिलीत रस तापू लागला की त्यात थोडा चुना व रानभेंडीचा चिकट रस घालतात. गाळ त्यात गुंतून मळीच्या रूपाने वर येतो व झाऱ्याने काढला जातो. आता खरी गंमत पुढे आहे. पाणी शंभर अंशांवर उकळते हे मुलांनी वाचलेले असते. काहिलीतील रस मात्र पाणी उडून जाईल तसतसा अधिकाधिक तापमानास उकळतो, आणि गूळ उतरविण्याच्या वेळी ते ११८ अंशांच्या आसपास पोचलेले असते. गुळव्याजवळ तापमापक नसतो. तो थोडासा पाक थंड पाण्यात टाकतो आणि बोटांत गोळी वळून पाहतो; फेसाचा रंग व बुडबुड्यांचा आवाजही त्याला सांगत असतो. काही क्षण आधी उतरविला तर गूळ बसत नाही, काही क्षण उशीर झाला तर करपतो. हंगामभराची कमाई त्या बोटांवर अवलंबून असते. या माणसास मुलांनी प्रश्न विचारावेत: हे कोणाकडून शिकलात? किती वर्षे लागली? पावसाळ्यात काय करता? प्रश्न वर्गात लिहून न्यावेत, उत्तरे तेथे टिपून घ्यावीत.

गुऱ्हाळावर धोके आहेत व ते गंभीर आहेत. चरकापाशी एकही मूल जाता कामा नये. सैल बाही, ओढणी किंवा उपरणे त्यात ओढले जाऊ शकते. काहिलीपासून किमान तीन पावले दूर जमिनीवर चुन्याची रेघ आखून घ्यावी व ती ओलांडावयाची नाही असे निघण्यापूर्वीच बजावावे. मालकाची परवानगी आदल्या आठवड्यात, पालकांची संमती लेखी, प्रत्येक पंधरा मुलांमागे एक मोठे माणूस, निघताना व परतताना गणती, पिण्याचे पाणी बरोबर. पालकांपैकी एखाद्याने तेथे काम केलेले असल्यास त्यालाच वाटाड्या करावे.

गुऱ्हाळ नसेल तेथे हुरड्याचे रान आहे. ज्वारी पोटरीत येते, निसवते, फुलोऱ्यात येते, दाण्यात चीक भरतो, मग हुरडा होतो. या अवस्थांची नावे मुलांनी घरच्या माणसांकडून गोळा करावीत. हुरडा गोड लागतो, कारण दाण्यातील साखरेचे सर्वस्वी पिठूळ द्रव्य झालेले नसते. आठदहा दिवसांनी त्याच कणसाचा दाणा चावून पाहिला म्हणजे गोडी गेलेली कळते. हरभऱ्याच्या पानांवरील आंब पहाटे फडक्याने टिपून घेण्याची जुनी रीत एखाद्या आजीस ठाऊक असेल, तर तिला त्या रानात बोलावून दाखवावयास लावावी. रायगडकडील शाळांना वालाच्या शेंगांची पोपटी आहेच. भांबुर्ड्याचा पाला घालून मडके बंद केले म्हणजे पाण्याच्या थेंबाविना शेंगा वाफेवर कशा शिजतात, हा तेथील पाठ होय.

हे सर्व नवे आहे असे नव्हे. वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षणपरिषदेत हस्तव्यवसाय हे शिक्षणाचे केंद्र असावे हा विचार महात्मा गांधींनी मांडला आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने त्याची योजना आखली. ती पुढे बहुतेक ठिकाणी मावळली. टकळी फिरत राहिली, पण सूत का तुटले, कापूस कोठून आला, भाव कोणी ठरविला हे प्रश्न वर्गात विचारले गेले नाहीत. मग उरला तो नुसता तास. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी याहून अधिक अवघड काम केले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली आणि तिला कुरणशाळा हे नाव मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांपाशी शिकण्याची मुभा दिलेली आहे. त्यांतील तीनचार दिवस जानेवारीत घेतले, तर गावात शिकवणारे अनायासे सापडतात.

कामाचा पुरावा म्हणून छायाचित्रे काढून वर पाठविण्याची रीत आता सर्वत्र आहे. ती पाठवावीत, परंतु छायाचित्रासाठी काम होऊ नये. त्यापेक्षा वर्गाची एक जाड वही ठेवावी. तीत सावलीची मापे, धन्याची उगवण, दोराच्या कसोट्या, भोगीच्या याद्या, गुळव्याची उत्तरे, प्रत्येक पान वेगळ्या मुलाच्या हस्ताक्षरात व तारखेसह असावे. शुद्धलेखनाच्या चुका पेन्सिलीने बारीक दुरुस्त कराव्यात. तांबड्या शाईने पान रंगवू नये. ज्यास लिहिता येत नाही त्याने चित्र काढावे, सांगावे, आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे.

ऊसतोडीस गेलेली मुले मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांची पाठ्यपुस्तकातील तूट भरून काढण्याची घाई शिक्षकांना असतेच. पहिल्या दिवशी मात्र ही वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि त्यांच्यासाठी मागे चारसहा पाने कोरी राखावीत. फडावर पहाटे किती वाजता उठतात, एका मोळीत किती ऊस बसतात, गाडी भरावयास किती वेळ लागतो, खोपीवर पाचट कसे घालतात, हे वर्गातील इतर कोणासही ठाऊक नसते.